साठ युनिटांची पदवी आणि उघड्या दाराचा वाद

कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीसाठी कोणाला घ्यावे, आणि घेतलेल्यांपैकी कोणाच्या हाती ती डिग्री द्यावी, यावर गेली काही वर्षे जो वाद चालू आहे तो दोन्ही बाजूंनी वाईट रीतीने लढला जात आहे. २०१७ मध्ये, विद्यार्थ्यांना पदवीच्या वर्गांआधी पूर्वतयारीच्या वर्गांत पाठवण्यावर बंधन घालणारा ‘एबी ७०५’ हा राज्याचा कायदा मंजूर झाला तेव्हा तो पेटला, ते बंधन आणखी कडक करणाऱ्या २०२२ च्या ‘एबी १७०५’ ने त्यात तेल ओतले. एका फळीचे म्हणणे असे की प्रवेशाला अट नाही आणि आता गणिताचीही अट पातळ झाली, तेव्हा या पदवीचा कागद रद्दीच्या भावाने जाईल. दुसऱ्या फळीला प्रत्येक अटीत गरिबांना आणि कृष्णवर्णीय-लॅटिनो विद्यार्थ्यांना बाहेर ठेवण्याचा डाव दिसतो. माझे मत दोघांनाही फारसे रुचणार नाही. प्रवेशाला कोणतीही गुणवत्तेची अट असू नये. पदवीची अट मात्र ढिली करू नये. ती ज्या विषयाची पदवी आहे त्या विषयाशी जुळणारी असावी आणि ती पार पाडण्यासाठी लागणारा आधार हा अटीचाच एक भाग मानला जावा. अट घालणाऱ्याने आधाराचा खर्च उचलायचा नसेल, तर ती अट घालण्याचा त्याचा अधिकार मला मान्य नाही.

मराठी वाचकासाठी एक गोंधळ आधीच दूर केलेला बरा. आपल्याकडे ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरची पहिली दोन वर्षे. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक कॉलेज निघाले, आणि राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजे आहेत. हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा वयाची १८ वर्षे झालेल्या, शिकण्याचा लाभ घेऊ शकणाऱ्या कोणालाही तेथे प्रवेश मिळतो. सीईटी नाही, कटऑफ नाही, मेरिट लिस्ट नाही. नर्सिंगसारखे मोजक्या जागांचे अभ्यासक्रम तेवढे अपवाद. राज्यातील रहिवाशाला एका युनिटमागे, म्हणजे अभ्यास मोजण्याच्या एककामागे, ४६ डॉलर फी पडते आणि हा आकडा २०१२ पासून बदललेला नाही. पदवीसाठी लागतात ६० युनिटे, २.० चा जीपीए (गुणांची सरासरी), मेजर म्हणजे मुख्य विषयात किमान १८ युनिटे, सामान्य शिक्षणाचा आता २१ युनिटांचा गठ्ठा, आणि एकूण युनिटांपैकी निदान १२ त्याच कॉलेजात पूर्ण केलेली. वरवर पाहता याहून सरळ व्यवहार सापडणार नाही: या, साठ युनिटे करा, पदवी घेऊन जा.

तो तसा कधीच नव्हता. १९६० च्या कॅलिफोर्निया मास्टर प्लॅनने हायस्कूलच्या वरच्या आठव्या हिश्श्याला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया दिली, वरच्या तिसऱ्या हिश्श्याला राज्य महाविद्यालये दिली आणि उरलेल्या सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेजाचे दार सताड उघडे ठेवले. हे दार उघडे ठेवल्यामुळेच बाकीची दोन दारे निर्धास्तपणे अरुंद करता आली, ही गोष्ट त्या आराखड्याचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजचा दाखला देऊन एक बोचरे निरीक्षण मांडले. ज्यांना चार वर्षांच्या पदवीची आस आहे, पण व्यवस्थेच्या मते ज्यांची तेवढी कुवत नाही, त्यांना थेट ‘नाही’ न म्हणता चाचण्या, समुपदेशन आणि पूर्वतयारीचे वर्ग यांतून हळूहळू थंड करायचे, म्हणजे आपली उमेद आपणच कमी केली असे त्यांना वाटते, असे ते निरीक्षण होते. प्रवेश नाकारला तर माणूस भांडतो. प्रवेश देऊन दमवला तर तो स्वतःलाच दोष देतो.

दमवण्याचे साधन होते प्लेसमेंट टेस्ट. प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला वर्ग निवडण्याआधीच संगणकापुढे बसवायचे, दीड-दोन तासांत त्याची गणित-इंग्रजीची पातळी ठरवायची आणि कमी पडला की त्याला रेमेडियल, म्हणजे पूर्वतयारीच्या, वर्गात पाठवायचे. गणितात अशा पायऱ्या चारपर्यंत असत: अंकगणित, प्री-अल्जिब्रा, एलिमेंटरी अल्जिब्रा, इंटरमीजिएट अल्जिब्रा. त्यांतल्या खालच्या पायऱ्यांची युनिटे पदवीच्या साठांत धरली जात नसत. वेळ आणि पैसा मात्र धरला जाई. समजा, प्रत्येक पायरीवर शंभरातले सत्तर पास झाले, आणि पास झालेला प्रत्येक जण पुढच्या सेमिस्टरला न चुकता हजर राहिला. तरी चौथ्या पायरीच्या शेवटी शंभरातले चोवीसच उरतात. प्रत्यक्षात पास झालेलेही पुढच्या वर्गात नाव घालत नाहीत, कारण मधल्या काळात नोकरीची पाळी बदलते, मूल आजारी पडते, गाडी बंद पडते. कोलंबिया विद्यापीठातील कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राने २०१० च्या सुमारास अनेक राज्यांतील विद्यार्थ्यांची वाटचाल तपासली, तेव्हा गणिताच्या रेमेडियल मालिकेत पाठवलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांशच ती पूर्ण करतात, असे दिसले. त्याच केंद्राच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक अडचणीची बाब निघाली: चाचणी ज्यांना खाली पाठवत होती त्यांतले बरेच जण वरच्या वर्गात सहज तगले असते, आणि हायस्कूलचे गुण पाहिले असते तर ते कळलेही असते. ‘कॉम्पास’ ही त्या काळी सर्रास वापरली जाणारी चाचणी २०१६ मध्ये तिच्याच निर्मात्यांनी मागे घेतली.

तेव्हा ‘प्रवेशाला अट नाही’ हे विधान २०१७ पूर्वी खरे होते का? दाराला कुलूप नव्हते, पण आतल्या खोलीला होते आणि तिची किल्ली एका दुपारच्या परीक्षेवर अवलंबून होती. एबी ७०५ ने हे आतले कुलूप काढले. विद्यार्थी वरच्या वर्गात यशस्वी होण्याची शक्यता फार कमी आहे, आणि रेमेडियल वर्गाने ती वाढेल, असे कॉलेज दाखवू शकत नसेल तर त्याला खाली पाठवता येणार नाही, असा या कायद्याचा आशय. सिद्ध करण्याचे ओझे त्याने विद्यार्थ्यावरून कॉलेजावर टाकले. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याच्या समर्थकांनीही तो नीट सांगितलेला नाही. ते समतेच्या घोषणा देत राहिले.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो, कारण तो टाळून पुढे जाता येणार नाही. कायदा अमलात आल्यावर विद्यापीठ पातळीच्या गणितात पहिल्याच वर्षी पास होणाऱ्यांची संख्या खूप वाढली, तसेच त्या वर्गांत नापास होणाऱ्यांची संख्याही वाढली, आणि वर्गातील उत्तीर्णांचे प्रमाण घसरले. ज्या शिक्षकापुढे अपूर्णांकांची बेरीज न येणारा आणि कॅल्क्युलसच्या उंबरठ्यावरचा असे दोघे एकाच बाकावर बसतात, त्याची तक्रार आळसातून आलेली नाही. नापासांचे आकडे वाढले की डीनच्या कार्यालयातून विचारणा होते, विचारणा झाली की गुणांना हात सैल सुटतो, आणि हात सैल सुटला की पदवीचा अर्थ पातळ होतो, ही साखळीही काल्पनिक नाही. महाराष्ट्रात ग्रेस मार्कांची आणि ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची वर्षे पाहिलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

तरीही या मुद्द्यातून जो निष्कर्ष काढला जातो तो निघत नाही. जुन्या व्यवस्थेत उत्तीर्णांचे प्रमाण चांगले दिसे, कारण ज्यांची नापास होण्याची शक्यता होती ते त्या वर्गापर्यंत पोहोचतच नसत. मध्येच कुठेतरी गळालेला विद्यार्थी कोणाच्याच नापासांच्या यादीत येत नाही. तो फक्त पुढच्या सेमिस्टरला दिसेनासा होतो. शंभर जणांतून चोवीस निवडून त्यांतले वीस पास करणारा वर्ग चांगला, की शंभर जणांना बसवून पंचेचाळीस पास करणारा? पहिल्या वर्गाचा निकाल ८३ टक्के लागतो, दुसऱ्याचा ४५. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे असे चारच पदवीधर बाहेर पडले. ते चौघे असामान्य होते यात शंका नाही. पण म्हणून त्या वेळचे मुंबई इलाख्यातले शिक्षण उत्तम होते, असे कोणी म्हणेल काय? गाळणीची बारीक छिद्रे पाहून पाण्याच्या साठ्याची शुद्धता ठरवण्याची ही सवय एकोणिसाव्या शतकापासून आपल्यात मुरलेली आहे आणि अमेरिकनांतही ती कमी नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने सरकारी खर्चाने कॉलेजची वाट मोकळी करून दिली, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्यासारख्या विद्वानालाही विद्यापीठे भटक्यांचे तळ बनतील अशी भीती वाटली होती. ते सैनिक आले आणि अभ्यासात त्यांनी नेहमीच्या विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड कामगिरी केली.

प्रवेशाचा प्रश्न मी येथे सोडतो. पदवीच्या अटीचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्यावर घोळही मोठा आहे. २००९ पासून कॅलिफोर्नियातील असोसिएट डिग्रीसाठी गणिताची किमान पातळी इंटरमीजिएट अल्जिब्राची ठरली होती. २०१७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांचे तत्कालीन चान्सेलर एलॉय ओर्टिझ ओकली यांनी जाहीरपणे विचारले, की जे विज्ञान-अभियांत्रिकीकडे जाणार नाहीत त्यांच्यासाठी ही अट कशाला हवी? गदारोळ झाला. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने दहावीला गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती आणि आपल्याकडेही अगदी तशाच प्रतिक्रिया उमटल्या होत्या. बीजगणिताने बुद्धीला शिस्त लागते, हा तेथला आणि येथला मुख्य युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. मी स्वतः वर्गसमीकरणे सोडवण्यात आनंद मानणाऱ्यांपैकी आहे. पण एकोणिसाव्या शतकात हार्वर्डच्या प्रवेशाला ग्रीक भाषा सक्तीची असावी का, हा वाद झाला तेव्हा ग्रीकच्या बाजूनेही शब्दशः हेच सांगितले गेले होते. बुद्धीला शिस्त लावणारे विषय अनेक आहेत. मग बालसंगोपनाची पदवी घेणाऱ्या बाईची शिस्त परिमेय राशींच्या सुलभीकरणानेच का तपासायची? तिला मुलांच्या वाढीचे तक्ते वाचायचे आहेत, सरासरी आणि विचलन यांचा अर्थ लावायचा आहे, पाहणीतला नमुना फसवा आहे की नाही हे ओळखायचे आहे. हे संख्याशास्त्र आहे आणि ते नीट शिकवले तर सोपे मुळीच नाही.

यावर नुसत्या मतांपेक्षा चांगला पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळाला. तेथील सिटी युनिव्हर्सिटीच्या तीन कम्युनिटी कॉलेजांत एलिमेंटरी अल्जिब्राची गरज असल्याचे ठरवलेल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत विभागणी केली गेली. काहींना नेहमीचा रेमेडियल वर्ग दिला आणि काहींना सरळ संख्याशास्त्राचा, युनिटे मिळणारा वर्ग दिला, जोडीला दर आठवड्याची कार्यशाळा. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: रेमेडियल अल्जिब्रात ३९ टक्के पास, संख्याशास्त्रात ५६ टक्के. ‘कमकुवत’ ठरवलेले विद्यार्थी वरच्या वर्गात खालच्या वर्गापेक्षा चांगले उत्तीर्ण झाले. येथे अट उतरवलेली नाही. विषय बदलला, पातळी वाढवली आणि हाताशी मदत दिली.

म्हणूनच नुसती अट काढून टाकणाऱ्यांशी माझे पटत नाही. बिहारमध्ये १९६७ साली शिक्षणमंत्री कर्पूरी ठाकूर यांनी मॅट्रिकला इंग्रजीत पास होण्याची सक्ती काढली. हेतू निर्मळ होता, कारण इंग्रजीवर अडून खेड्यातली हजारो मुले शिक्षणाबाहेर पडत होती. पण पुढच्या कॉलेजांनी आणि नोकऱ्यांनी इंग्रजी मागणे सोडले नाही, आणि त्या मुलांच्या वाट्याला ‘कर्पूरी डिव्हिजन’ ही हेटाळणी मात्र आली. अट परीक्षेतून गेली आणि आयुष्यात दोन स्टेशने पुढे जाऊन उभी राहिली, जेथे शिकवायला कोणी नव्हते. महाराष्ट्रात २०२४ मध्ये दहावीच्या गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी, विज्ञानाची वाट बंद करणारा शेरा मारून, मुलाला अकरावीला जाऊ देण्याचा जो विचार पुढे आला, त्याबद्दलही मला हीच शंका आहे. गणित वेगळे देता येईल, वेगळ्या रीतीने शिकवता येईल. गणित न शिकवता पुढे ढकलणे ही दया नव्हे.

याच कारणाने कॅलिफोर्नियातील सुधारकांची दुसरी उडी मला पटलेली नाही. एबी १७०५ नंतर विज्ञान आणि अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही, त्याने हायस्कूलमध्ये त्रिकोणमिती केलेली असो वा नसो, शक्यतो थेट कॅल्क्युलसच्या वर्गात बसवावे असा आग्रह सुरू झाला. प्राध्यापकांनी विरोध केला आणि राज्याला आपल्या मार्गदर्शक सूचना काहीशा सैल कराव्या लागल्या. येथे बाजू प्राध्यापकांची खरी आहे. संख्याशास्त्राला इंटरमीजिएट अल्जिब्राचा आधार लागतोच असे नाही; कॅल्क्युलसला फलनांचा आणि त्रिकोणमितीचा आधार लागतोच. एका विषयात सिद्ध झालेली गोष्ट दुसऱ्या विषयावर तशीच लादणे, हा वर्गापेक्षा आकड्यांच्या तक्त्याकडे पाहत कारभार करणाऱ्यांचा जुना रोग आहे.

वाद गणितावर अडल्यामुळे बाकीच्या अटींकडे कोणी पाहत नाही, आणि विद्यार्थी खरे अडकतात ते बहुधा तेथेच. एक युनिट म्हणजे नियमानुसार वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान ४८ तासांचे काम. साठ युनिटे म्हणजे २,८८० तास. दोन वर्षांत पदवी हवी तर दर सेमिस्टरला १५ युनिटे, म्हणजे आठवड्याला साधारण ४५ तास. ही पूर्ण वेळची नोकरीच झाली. जो दिवसा किराणा दुकानाच्या काउंटरवर उभा असतो तो ६ युनिटे घेऊ शकतो आणि मग ‘दोन वर्षांच्या’ पदवीला पाच वर्षे लागतात. शिवाय ती साठांवर थांबत नाही. २०१७ मध्ये कॉलेजांच्या चान्सेलर कार्यालयाने स्वतःच मान्य केले की पदवी मिळवणारे विद्यार्थी सरासरी ८७ युनिटे जमवतात, आणि ती ७९ वर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्टसुद्धा साठाच्या जवळपास फिरकत नाही! ही जास्तीची २७ युनिटे म्हणजे आजच्या फीने १,२४२ डॉलर, १,२९६ तास, आणि जवळजवळ दोन पूर्ण सेमिस्टर. ती ज्ञानाच्या हौसेने घेतलेली असतात असे थोड्यांच्याच बाबतीत म्हणता येईल. एका कॉलेजचा विषय दुसरीकडे धरला जात नाही, मेजर बदलले की आधीचे वाया जाते, आणि एका काउन्सेलरच्या वाट्याला इतके विद्यार्थी येतात की योग्य सल्ला मिळेपर्यंत चुकीचा वर्ग अर्धा संपलेला असतो. २०१० च्या कायद्याने चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्स्फर होण्यासाठीची असोसिएट डिग्री आणली, ६० युनिटांवर स्थानिक कॉलेजांना आपल्या जादा अटी लादायला मनाई केली आणि राज्य विद्यापीठात प्रवेशाची हमी दिली. दर्जा आणि समता यांच्या गदारोळापेक्षा या एका रुक्ष कायद्याने जास्त काम केले, असे माझे मत आहे. ती हमी मात्र विद्यापीठाच्या कोणत्या कॅम्पसमध्ये आणि कोणत्या विषयात, हे विद्यार्थ्याला निवडता येतेच असे नाही. गर्दीच्या ठिकाणी दार पुन्हा अरुंद होते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातील मराठी घरांत या कॉलेजांकडे पाहण्याची एक विचित्र नजर आढळते. मुलगा हायस्कूलमध्ये असताना क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजमध्ये जादा वर्ग घेतो ते अभिमानाने सांगितले जाते, आणि तोच मुलगा हायस्कूलनंतर तेथे पूर्ण वेळ जाणार म्हटल्यावर आवाज खाली येतो. वर्ग तोच, प्राध्यापक तेच, परीक्षा तीच. मग उणे काय झाले? आत येताना कोणी त्याला अडवले नाही, एवढेच. आपण पदवीची किंमत बाहेर पडताना काय येते यावरून ठरवत नाही. आत शिरताना किती जणांना परत पाठवले यावरून ठरवतो. दर्जाच्या नावाने ओरडणाऱ्या अमेरिकन फळीच्या मनातही बहुतेक हेच असते, फक्त ते इतके उघड बोलत नाहीत.

शेवटी दर्जा आणि प्रवेश यांत निवड करावीच लागते, असे मानणाऱ्या दोन्ही फळ्यांनी न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका प्रयोगाकडे पाहावे. सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांत ‘एसॅप’ नावाची योजना सुरू केली. तिने पदवीची एकही अट कमी केली नाही, उलट विद्यार्थ्यांवर जास्तीच्या लादल्या: पूर्ण वेळ नाव घालायचे, रेमेडियल वर्ग शिल्लक असतील तर सुरुवातीलाच संपवायचे, सल्लागाराला महिन्यातून ठरलेल्या वेळा भेटायचे, गरज असेल तेथे शिकवणीला बसायचे. बदल्यात मदतीनंतर उरणारी फी माफ, पुस्तके मोफत, सल्लागाराकडे मोजकेच विद्यार्थी, आणि सबवे-बसचा पास. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या गटांची तुलना झाली तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले होते. ओहायोतील तीन कॉलेजांनी ही योजना उचलली तेव्हा तेथेही पदवीधर जवळजवळ दुप्पट झाले. दर विद्यार्थ्यामागे खर्च बराच जास्त होता, हा आक्षेप खरा आहे. पण खर्चाला बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या संख्येने भागले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये एक पदवी पूर्वीपेक्षा स्वस्त पडली होती. तिच्यात गणिताचा पेपर तोच होता. तो सोडवायला परीक्षेच्या दिवशी पोहोचणाऱ्याच्या खिशात बसचा पास मात्र आधीच होता.